चष्मेवाल्याचे तीन शनिवार

१

तीन शनिवार, तीन लाल शेरे. गुरुवारी सकाळी टपालानं आलेल्या लिफाफ्यात एवढंच होतं, आणि एवढ्यावर एक माणूस चार वर्षं तुरुंगात जाणार होता.

लिफाफा जिच्या टेबलावर आला, ती न्यायालयाच्या वसुली कक्षात तपासनीस होती. काम सांगायला सोपं, करायला किचकट. दारू पिऊन गाडी चालवताना कुणाचा जीव घेतला आणि मेलेल्या माणसाच्या मागे लहान मुलं असली, तर ती अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांचं पोटपाणी, शाळा, औषधपाणी सगळं त्या दारुड्यानं बघायचं. पैसे वेळेवर जातात की नाही आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळला नाही ना, हे तपासनिसानं बघायचं. असल्या चौदा जणांच्या फायली तिच्या कपाटात होत्या.

ही फाइल चष्मेवाल्याची. साडेतीन वर्षांपूर्वी एका दुपारी मित्राकडून जेवून, ढोसून निघालेला हा माणूस सिग्नल तोडून गेला आणि रस्ता ओलांडणारी एक बाई जागच्या जागी गेली. तिच्या दोन मुली. बाप धाकटीच्या जन्माआधीच घर सोडून गेलेला. मुली मावशीकडे आल्या. न्यायाधीशबाईंनी चष्मेवाल्याची चार वर्षांची शिक्षा स्थगित ठेवली, कारण आत बसलेला माणूस कुणाचं पोट भरणार? अट एकच. त्याच्या गाडीत श्वासयंत्र बसेल, आणि यंत्रानं दारू पकडली तर स्थगिती रद्द.

कचेरीत सगळे त्या यंत्राला फुंकणी म्हणत. फुंकणीत फुंकल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. श्वासात दारू असली की ती मुकाट्यानं नोंद करते आणि महिन्याच्या शेवटी यंत्रवाले कागद पाठवतात.

"तीन वर्षं सरळ चालला आणि आता तीन शनिवार ओळीनं," साहेब कागद बघून म्हणाले. "कुत्र्याचं शेपूट. सोमवारी सकाळपर्यंत अहवाल द्या."

"देते," ती म्हणाली.

तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आतून कुठेतरी बरं वाटलं, आणि त्याचं कारण तिला पक्कं माहीत होतं. ती आठ वर्षांची असताना तिचे वडील असेच गेले होते. गाडी चालवणाऱ्याला दंड झाला, सहा महिने परवाना गेला, आणि सातव्या महिन्यात तो पुन्हा गाडीत बसला. तेव्हा हा कायदा नव्हता. तिच्या आईनं धुलाईच्या दुकानात उभं राहून लोकांच्या चादरींना इस्त्री करून तिला वाढवलं. आणि इथे फाइलमध्ये लिहिलं होतं: थोरलीचा पोहण्याचा वर्ग, धाकटीचा नवा चष्मा, शाळेची सहल. दर महिन्याला ती हे दोनदा वाचायची. आई मेलेल्या पोरींचा हेवा करणारी बाई कुठे असते का? असते. ती इथे बसली होती.

कागदाच्या मागे आणखी एक पान टाचलेलं होतं. ते तिनं उलटलं नाही.

दुपारी चष्मेवाला कचेरीत आला. पन्नाशीचा, बारीक, बोटांच्या टोकांना भिंगं घासून घासून गुळगुळीतपणा आलेला. तिनं लाल शेरे पुढे सरकवले. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून ते जवळून वाचले, आणि त्याचा चेहरा जुन्या कागदासारखा पिवळा पडला.

"मी घेतली नाही," तो म्हणाला. मग चष्मा पुन्हा नाकावर घेऊन: "पण मॅडम, गेल्या वेळीसुद्धा मी आधी हेच म्हणालो होतो."

२

शुक्रवारी सकाळी ती त्याच्या दुकानात गेली. पुढे काचेच्या कपाटांत चौकटी मांडलेल्या, मागे पडद्याआड घासायचं यंत्र आणि पाण्याची संथ धार. गल्ल्यावर त्याचा धाकटा भाऊ होता. सकाळचे साडेदहा आणि त्याच्या तोंडाला वेलदोड्याचा वास. वेलदोडा कशावर उतारा म्हणून चघळतात, हे अकरा वर्षांच्या नोकरीत ती शिकली होती.

"दादा आत गेला तर दुकान तुमच्याकडे येतं," ती म्हणाली.

भाऊ हसला. "येतं की. आणि महिन्याभरात बंद पडतं." त्यानं उजवा हात काउंटरवर ठेवला. बोटं थरथरत होती. "या हातानं भिंग बसवता येतं का, सांगा. डोळे मी तपासतो, आकडे मी लिहितो, पण काच घासायची ती दादानंच. तो आहे म्हणून मी जेवतो."

"गाडी तुम्हीही चालवता?"

"त्या फुंकणीला मी चालत नाही." तो ओशाळा हसला. "एकदा हौस म्हणून फुंकून बघितलं होतं, ते बसवायला आले तेव्हा. नुसतं फुंकून भागत नाही. फुंकता फुंकता घशातून हुंकार काढावा लागतो, एका सुरात, पाच सेकंद. कुणी फुग्यातली हवा सोडून फसवू नये म्हणून. दादाला शिकायला आठवडा लागला."

"किल्ल्या किती?"

"एक. दुसरी तुमच्याच कचेरीच्या कपाटात आहे, अटीप्रमाणे. आणि ही एक दादाच्या कोटाच्या खिशात असते. झोपतानासुद्धा उशाशी."

"शनिवारी दुपारी चार ते पाच तुम्ही कुठे असता?"

त्यानं भेटींची वही पुढे केली. शनिवार म्हणजे दुकानाचा सर्वांत गर्दीचा दिवस. गेले तिन्ही शनिवार चारपासून सहापर्यंत दर पंधरा मिनिटांनी एक नाव, आणि प्रत्येक नावापुढे त्याच्याच वेड्यावाकड्या अक्षरात डोळ्यांचे आकडे. इतक्या माणसांसमोरून तो अर्ध्या गावापलीकडे जाऊन येणं शक्य नव्हतं.

"मग शनिवारी दादा कुठे असतो?" तिनं विचारलं, जरी फाइलमध्ये ते होतं.

भावानं पडद्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "त्या पोरींकडे. आदेशात महिन्यातून एकदा हातात पैसे द्यायचे एवढंच होतं. हा दर शनिवारी जायला लागला. चार ते पाच, धाकटीचं गणित घ्यायला. तुम्ही मला कशाला विचारता? वहिनीला विचारा. त्या शनिवारांवर घरात कुणाचा दात असेल तर तिचा."

३

चष्मेवाल्याची बायको शाळेत ग्रंथपाल होती. मधल्या सुट्टीत, पुस्तकांच्या दोन मांडण्यांच्या मधे उभी राहून ती बोलली. बोलताना हात थांबला नाही. फाटकी पुस्तकं एका बाजूला, धड दुसऱ्या बाजूला.

"हो, मला हेवा वाटतो," तिनं सुरुवातच अशी केली. "लपवून काय करू? माझी मुलगी सोळाची आहे. तिचं गणित घ्यायला यांना कधी वेळ झाला नाही. तेव्हा संध्याकाळ झाली की बाटली असायची. आता माणूस सुधारला, देवमाणूस झाला, पण कुणासाठी? माझ्या घरात पिऊन पडायला आणि दुसऱ्यांच्या घरात गणित शिकवायला. आम्हाला कच्चं खायला घातलं आणि पिकल्यावर वाटून टाकलं."

"तुम्ही शनिवारी त्यांच्याबरोबर जायचात."

"जायचे. खाली गाडीत बसून राहायचे. वर पाय ठेवायची लाज वाटायची, आणि एकटं सोडवायचं नाही. दोन महिन्यांपूर्वी धाकटी खिडकीतून ओरडली, 'काका, काकूंना पण वर आणा.' त्या दिवसापासून गेले नाही." एका पुस्तकाचं पान तिनं बोटानं सपाट केलं. "ती पोर गोड आहे, मॅडम. तेच सहन होत नाही."

"तुमच्या यजमानांनी शनिवारी घेतली असेल असं वाटतं का?"

आता मात्र तिचे हात थांबले.

"बावीस वर्षं संसार केलाय. हे प्यायलेले असले की जिन्यावरच्या पावलांवरून मला कळतं. दार उघडायच्या आधी कळतं. तीन वर्षांत एकदाही कळलं नाही. मला यांचा राग येतो, तो लिहा. पण हेही लिहा."

तपासनीस बाहेर आली आणि शाळेच्या पायऱ्यांवर बसली. अकरा वर्षांत तिनं शंभर बायकांच्या तोंडून 'आमचे हे घेत नाहीत' ऐकलं होतं. खोटं बोलणारी बाई आधी नवऱ्याची तारीफ करते. ही आधी शिव्या घालून मग खरं बोलली होती.

तिनं पिशवीतून फाइल काढली आणि काल न उलटलेलं पान उलटलं.

त्यावर प्रत्येक फुंकीची वेळ आणि पातळी होती. पहिला शनिवार. चार वाजून एकेचाळीस मिनिटं. पातळी एवढी, की तेवढी दारू पोटात असलेला माणूस किल्ली फिरवायच्या आधी आडवा झाला असता. खालची ओळ, पाच वाजून तीन मिनिटं. शून्य.

दुसरा शनिवार तसाच. तिसराही तसाच. आधी चढलेली, आणि वीसबावीस मिनिटांत कोरडी ठणठणीत.

रक्तातली दारू उतरायला तासन्‌तास लागतात. वीस मिनिटांत उतरते ती फक्त तोंडातली. कुणीतरी तोंडात काहीतरी फिरवलं होतं, फुंकलं होतं आणि निघून गेलं होतं. प्यायलं कुणीच नव्हतं. आणि हे पान कालपासून तिच्या पिशवीत होतं.

कालच उलटलं असतं तर हा माणूस काल रात्री झोपला असता, हे तिला कळलं. आपण का उलटलं नाही, हेही कळलं. त्यानं घेतलेली असावी, अशी तिची इच्छा होती.

४

आता हिशेब सरळ होता. गाडी त्या वेळी मावशीच्या घराखाली उभी. किल्ली एकच, आणि ती कोटाच्या खिशात. कोट मावशीच्या घरात. म्हणजे किल्ली ज्यानं काढली तो त्या घरातला होता. आणि त्या घरातल्या कुणालाच हे परवडणारं नव्हतं. चष्मेवाला आत गेला की शाळा, पोहणं, घरभाड्याचा अर्धा भार, सगळं बंद. स्वतःच्या ताटात माती कोण कालवेल?

शनिवारी ती चार वाजता तिथे पोचली. चष्मेवाल्याला तिनं यायला मनाई केली होती. तीन मजली इमारत, जिन्याच्या तोंडाशी सूचना: कचरा सकाळी आठच्या आत खाली आणावा, नंतर आणू नये. दुसऱ्या मजल्यावर दार मावशीनंच उघडलं. चाळिशीची, नीटनेटकी, दंतवैद्याच्या दवाखान्यात मदतनीस. शनिवारी अर्धा दिवस असतो म्हणून घरी.

"या ना, मॅडम. त्यांचं काही झालं का? नाही, आले नाहीत म्हणून विचारलं," मावशी म्हणाली. आवाज मऊ होता. फाइलमध्ये तिच्याबद्दल नेहमी एकच शब्द असे: सहकार्य.

दाराशी कोट अडकवायच्या चार खुंट्या. टेबलावर गणिताची वही उघडी, कोपऱ्यात बारा वर्षांची थोरली पुस्तक घेऊन बसलेली. सात वर्षांची धाकटी, नाकावर नवा निळा चष्मा, पेल्यात नळी घालून सरबत पीत होती.

"चष्मेकाका का नाही आले?" तिनं विचारलं.

"काम असेल," मावशी म्हणाली.

"पुढच्या शनिवारी येतील?"

"बघू."

"मावशी, तू त्यांना फोन कर ना. मी त्यांना नऊचा पाढा म्हणून दाखवणार होते."

"मला म्हणून दाखव."

"तुला नाही. तुला येतो."

मावशी हसली. ते हसू बघून तपासनीस एकदम सावध झाली, कारण ते हसू तिच्या ओळखीचं होतं. दर महिन्याला फाइल बंद करताना साहेबांसमोर तीही असंच हसत असे. ओठ वर जातात, आणि गळ्यातली शीर तशीच ताठ राहते.

धाकटीनं नळीतून सरबतात फुंकायला सुरुवात केली. बुडबुडे आले, आणि त्याबरोबर घशातून लांब, एकसुरी हुंकार. पाच सेकंद.

"हे काय करतेस?" तपासनिसानं विचारलं.

"गाडी सुरू करते. चष्मेकाकांची गाडी अशीच सुरू होते. मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं ना, तेव्हा त्यांनी शिकवलं. मी, ताई, मावशी, सगळे होतो गाडीत."

"आणि काका गणित घेतात तेव्हा मधेच उठून खाली जातात का?"

"छे. मी त्यांच्या मांडीवर बसलेली असते. ताई समोर अभ्यास करते. आणि मावशी कचरा टाकायला जाते."

कचरा सकाळी आठच्या आत टाकायचा असतो, हे तिथल्या चौघींपैकी तिघींना माहीत होतं.

"तुझा पेला आत ठेवून ये," मावशी धाकटीला म्हणाली. आवाज तसाच मऊ होता.

तेवढ्यात कोपऱ्यातली थोरली उठली. पुस्तक छातीशी धरून ती टेबलापाशी आली.

"मॅडम, ते मी केलं," ती म्हणाली.

५

"काय केलंस?" तपासनिसानं विचारलं.

"गाडीत जाऊन फुंकले. दारू पिऊन. त्यांना तुरुंगात पाठवायला."

"हुंकार काढून दाखव."

थोरलीनं मूठ ओठांशी नेली आणि फुंकलं. हुंकार बरोबर होता. मावशीचा हात पदराशी गेला आणि तिथेच राहिला.

"दारू कुठून आणलीस?"

"दुकानातून."

"बारा वर्षांच्या मुलीला कोण देतो?"

"दिली."

"चव कशी होती?"

थोरली थांबली. "गोड."

"आणि तू टेबलावरून उठलीस, किल्ली घेतलीस, खाली गेलीस, वर आलीस, आणि समोर बसलेल्या काकांना ते तिन्ही शनिवारी दिसलं नाही?"

थोरलीनं पुस्तक आणखी घट्ट धरलं. डोळे भरून आले होते, पण ती मावशीकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती. लहान मुलं खोटं लपवतात तेव्हा जिथे बघायचं नाही ते ठिकाण सोडून सगळीकडे बघतात.

तपासनीस उठून न्हाणीघरात गेली. बेसिनवर तीन पेले आणि फळीवर दवाखान्यातून आणलेली मोठी बाटली, चूळ भरायच्या औषधाची. झाकण उघडताच उग्र वास आला. लेबलवर बारीक अक्षरात मद्यार्क किती ते छापलेलं होतं. ती बाटली घेऊन बाहेर आली आणि टेबलावर, पाढ्यांच्या वहीशेजारी ठेवली.

"दवाखान्यात रोज देता ना पेशंटना हे?" ती मावशीला म्हणाली. "चूळ भरल्यावर लगेच तोंडाला कसा वास येतो, आणि पंधरा मिनिटांत कसा जातो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?"

"मावशीला नेऊ नका," थोरली म्हणाली. "मी पेन्सिलीचं टोकयंत्र आणायला खिडकीपाशी गेले तेव्हा ती खाली गाडीत दिसली. मी कुणालाच सांगितलं नाही. आमच्याकडे आता ती एकटीच आहे."

मावशी खुर्चीत बसली. तिनं गणिताची वही मिटली.

"थोरले, धाकटीला घेऊन गच्चीवर जा," ती म्हणाली.

मुली गेल्यावर तिचा आवाज बदलला. मऊपणा गेला आणि खाली जे होतं ते वर आलं.

"माझ्या बहिणीला ओळखायला मी गेले होते, मॅडम. चप्पल एकच होती पायात. ज्यानं हे केलं त्याच्याकडून पैसे घ्यायचे, ते मी घेतले. न्यायाधीशबाई म्हणाल्या, मुलींच्या हक्काचं आहे. बरं. पण मग तो वर यायला लागला. पाणी द्यावं लागलं. मग वही. मग काका." ती थांबली. "धाकटी मान वाकडी करून वाचते, असं त्याला दिसलं. आल्यावर दोन मिनिटांत. म्हणाला, हिचा डावा डोळा कमी आहे. माझ्या घरात ती पोर वर्षभर मान वाकडी करून वाचत होती. मी तिला रागवायचे, सरळ बस म्हणून. मला कळलं नाही, आणि तिची आई ज्यानं मारली त्याला कळलं."

"आणि त्यानं चष्मा करून आणला."

"आणला. धाकटीनं घातला, घरभर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'मावशी, तुझ्या तोंडावर केवढ्या रेघा आहेत.' आणि पळत जाऊन त्याच्या गळ्यात पडली."

खाली रस्त्यावर एक गाडी हॉर्न वाजवून गेली.

"मी दोन पाळ्या करते. त्यांचा ताप, त्यांचं ओकणं, थोरलीची पहिली पाळी, सगळं मी काढलं. माझं लग्न मोडलं या घरासाठी. पण वाट कुणाची बघतात? शनिवारची. मी रोज असते म्हणून मी कुणीच नाही. तो आठवड्यातून एक तास येतो म्हणून देव." तिनं नाक पुसलं. "चार वर्षं आत गेला असता. तोवर धाकटी अकराची झाली असती. विसरली असती."

"आणि पैसे?"

"तिसरी पाळी केली असती."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे लोक मूर्ख असतात, असं तपासनीस नेहमी म्हणे. समोरची बाई मूर्ख नव्हती. फायद्यासाठी गुन्हा करणारा स्वतःचं नुकसान टाळतो, म्हणून तो सापडतो. हेवा करणाऱ्याला नुकसानीचं काही वाटत नाही, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. तिचा स्वतःचाही गेला नसता, जर ते हसू तिनं आरशात पाहिलेलं नसतं.

"हे मला लिहावं लागेल," ती म्हणाली.

"लिहा," मावशी म्हणाली. "फक्त थोरलीचं नाव लिहू नका."

६

थोरलीचं नाव तिनं लिहिलं नाही. बाकी सगळं लिहिलं. वेळा, पातळ्या, किल्ली, बाटली. आणि अहवालाच्या शेवटी, कुणी विचारलेलं नसताना, एक ओळ: 'दुसरं पान गुरुवारीच माझ्याकडे होतं. मी ते शुक्रवारी दुपारी वाचलं. उशिराचं कारण वैयक्तिक आहे आणि ते योग्य नाही.'

सोमवारी न्यायाधीशबाईंच्या दालनात सगळे होते. चष्मेवाला, त्याची बायको, मावशी. न्यायाधीशबाईंनी अहवाल दोनदा वाचला. शेवटच्या ओळीवर त्या थांबल्या, तपासनिसाकडे बघितलं, आणि पेन्सिलीनं बाजूला बारीक खूण केली. तिच्या नोकरीचं त्यातून काय होईल ते पुढे ठरायचं होतं.

शेरे रद्द झाले. पैसे थोरली आणि धाकटी अठराच्या होईपर्यंत आधीसारखेच चालू राहणार होते. यंत्राशी छेडछाड केल्याबद्दल मावशीला कडक ताकीद मिळाली आणि वर्षभर तिच्या घरी समुपदेशक यायचा होता. मुली तिच्याकडेच राहतील, हे न्यायाधीशबाईंनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिनं ते ऐकलंच नाही.

"आता शनिवार," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "आदेशात शनिवार कुठेच नाहीत. ते मी घालणार नाही आणि काढणारही नाही. मुली मावशीच्या घरात राहतात. मावशींनी सांगावं."

चष्मेवाला पुढे झाला. "मी येणार नाही," तो मावशीला म्हणाला. "तुमचं बरोबर होतं. मला तिथे बरं वाटायचं, म्हणून मी यायचो. बरं वाटून घ्यायचा मला हक्क नव्हता. पैसे बँकेतून येतील."

मावशीनं त्याच्याकडे बघितलं. साडेतीन वर्षांत पहिल्यांदाच धड बघितलं असेल.

"तसं चालणार नाही," ती म्हणाली. "धाकटी मला खाऊन टाकेल. महिन्यातून एकदा या. आणि गणित मी घेईन. तुम्ही नुसते बसा. पोरींना कसं दिसतं ते बघा, बाकी मला दिसेल." मग त्याच्या बायकोकडे वळून: "आणि तुम्ही खाली गाडीत बसू नका. मला खिडकीतून दिसायचात, म्हणून जास्तच जळायचे. वाटायचं, यांचं तरी सगळं जागेवर आहे."

"जागेवर?" चष्मेवाल्याची बायको म्हणाली. तिला हसू आलं, ते तिनं आवरलं नाही. "या, एकदा आमच्याकडे. दाखवते."

दोघी बरोबरच जिना उतरल्या. चष्मेवाला चार पायऱ्या मागे, कोट हातावर घेऊन.

त्या संध्याकाळी तपासनीस आईकडे गेली. आई आता सत्तरीची, इस्त्रीच्या वर्षांनी गुडघे गेलेले, खिडकीशी खुर्ची टाकून मटार सोलत बसलेली. ती समोर बसली, मूठभर शेंगा घेतल्या, आणि आईला सगळी हकिगत सांगितली. नोकरीतलं ती कधी सांगत नसे. या वेळी न उलटलेल्या पानापर्यंत सगळं सांगितलं.

"तुला त्या पोरींचा हेवा वाटला," आई म्हणाली.

"हो. त्यांच्या मागे निदान कुणी आलं. आपल्या दाराशी कुणी आलं नाही."

आईनं हातातली शेंग सोलली. दाणे भांड्यात पडले. दुसरी शेंग तिनं उचलली, पण सोलली नाही.

"तो आला होता," आई म्हणाली.

"कोण?"

"तोच. वर्षभरानं. शुद्धीत होता, कपडे धुतलेले. हातात पाकीट होतं. म्हणाला, मुलीच्या शाळेसाठी. दर महिन्याला आणीन म्हणाला. तू आत चित्र काढत बसली होतीस, आणि तुला कुणी आलं की बाहेर पळत यायची सवय होती. मी पाकीट त्याच्या अंगावर फेकलं आणि दार लावलं. पुन्हा दोनदा आला. त्यानंतर आला नाही."

तपासनिसाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"का?" तिनं विचारलं.

आईनं खिडकीबाहेर बघितलं. "तू त्याच्याकडे बघून हसली असतीस," ती म्हणाली. "लहान होतीस. कुणाकडे बघूनही हसायचीस."